चार नाणी म्हणजे चार रुपये? लेकीला चिल्लर मोजायला कशी शिकवलीत?

ओवीची_आई

नमस्कार मंडळी. लेक सहा वर्षांची, पहिलीत आहे. शंभरपर्यंत आकडे म्हणते, बोटांवर बेरीज करते, पायऱ्या मोजत मोजत वर येते. पण नाणी पुढ्यात आली की सगळं मुसळ केरात.

परवा तिचा मातीचा गल्ला फोडला. फरशीवर चिल्लर पसरली. मी एक पाचचं, दोन दोनची आणि एक रुपयाचं अशी चार नाणी तिच्यापुढे ठेवली. बोट टेकवत म्हणाली, "एक, दोन, तीन, चार. चार रुपये!" मग दहाचं एकच नाणं ठेवलं. "एक रुपया." म्हटलं, अगं त्यावर दहा लिहिलंय ना? तर म्हणे, "हो, दहाचा एक रुपया."

कळस म्हणजे तिच्या नऊ वर्षांच्या आतेभावाने तिच्याकडून दहाचं नाणं घेऊन बदल्यात रुपयाची चार दिली, आणि ही खूश! एकाची चार झाली म्हणून घरभर नाचली. तो पठ्ठ्या शांतपणे चिप्स आणायला गेला.

मी तीन दिवस समजावतेय. काल आवाज चढला, ती रडली, मग मीही थोडी. कुणी शिकवलंय का घरी? नक्की कुठून सुरुवात करायची?

उगाच_एक

आता नाणी कोण वापरतं ताई? क्यूआर स्कॅन करायला शिकवा, आयुष्यभर पुरेल. :)

काजळवात

@उगाच_एक, आलात का सकाळी सकाळी! माझा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा खेळण्याच्या दुकानात म्हणाला, "आई, पैसे कशाला, तू फोन दाखव की." त्याच्या लेखी फोन दाखवला की वस्तू मिळते, बास. पैसे संपतात हे त्याला कळायचंच नाही, कारण संपताना काही दिसत नाही. मुठीतली पाच नाणी दोन झाली की दिसतं. मी तरी त्यासाठीच नाणी बाहेर काढली.

ओवीची आई, रडारड आमच्याकडेही झाली आहे. काळजी करू नका. वाचतेय.

खडूफळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

तुमच्या लेकीचं काही चुकत नाहीये. आपण तिला दोन वर्षं काय शिकवलं? एका वस्तूला एक बोट, एका बोटाला एक आकडा. पाच चिंचोके म्हणजे पाच. ती तेच प्रामाणिकपणे करतेय. नाण्यापाशी येऊन आपण अचानक नियम बदलतो आणि "ही एक वस्तू आहे, पण हिला पाच म्हण" असं सांगतो. तिच्या बाजूने पाहिलंत तर हा शुद्ध अन्याय आहे.

शाळेत दशक शिकवताना आम्ही दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा करतो. गठ्ठा एक, पण आत दहा. पोराला शंका आली तर रबर काढायचं, काड्या मोजायच्या, परत बांधायचं. नाण्याचं दुखणं तिथेच आहे. गठ्ठा सोडता येतो, नाणं सोडता येत नाही. पाचच्या नाण्यात पाच रुपये कुठे आहेत ते दाखवायला काही जागाच नाही. वर पाचचं नाणं हातात छोटं, आणि जुनं दोनचं त्याहून मोठं!

म्हणून मी नाण्याला "आतलं" बाहेर काढून देतो. बायकोच्या टिकल्यांचं पाकीट आणायचं (विचारून). पाचच्या नाण्यावर मागच्या बाजूला पाच बारीक टिकल्या, दोनच्यावर दोन, रुपयावर एक. आता पोरगं टिकल्या मोजतं, म्हणजे त्याचा जुना नियमच चालू राहतो. चार नाण्यांवर पाच, दोन, दोन, एक. एकूण दहा टिकल्या. पहिल्यांदा दहा येतात तेव्हा पोरांचं तोंड बघण्यासारखं असतं. मग नाणी उलटी करायची, म्हणजे आकडा वर, टिकल्या खाली. अडलं तर उलटून बघायची मुभा. दहा-बारा दिवसांत उलटणं आपोआप कमी होतं.

आणि पहिला आठवडा फक्त रुपया आणि पाच, ही दोनच नाणी. दोनचं मध्ये आणू नका. सगळी चिल्लर एकदम पसरली की मोठ्या माणसाचीही भंबेरी उडते.

मृद्गंध_७

टिकल्यांची आयडिया भारी! पण एक शंका. टिकल्या मोजायची सवय लागली तर पोर पाचच्या नाण्यावर कायम पाचदा बोट टेकवत बसेल ना? माझ्या भाचीचं तसंच झालं. तिसरीत गेली तरी पाचचं नाणं बघितलं की मनात टकटकटकटकटक.

खडूफळा

खरं आहे, ही सवय राहू शकते. म्हणून टिकल्या टप्प्याटप्प्याने काढायच्या. आधी पाचच्या नाण्यावरच्या. पाच हा हाताचा पंजा आहे, तो मोजावा लागत नाही. मी "पंजा!" म्हणून हात वर करतो, पोरं "पाच!" म्हणतात. दोन पंजे दहा. तीन पंजे... तिसरा हात शेजारच्याचा घ्यायचा, त्यात मजा येते.

अप्पा_सदाशिव

आमच्या वेळी टिकल्या-बिकल्या नव्हत्या. वय ७६, म्हणून थोडं आमच्या काळाचं ऐका.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. मी तेव्हा बिगरीतून पहिलीत चाललो होतो. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. आदल्या वर्षी मोठ्या भावाने हे पाठ करून घेतलं होतं, त्यात पावकी-निमकीही (पाव-अर्ध्याचे पाढे) होती, आणि एका सकाळी सगळं रद्द! रुपयाचे शंभर नवे पैसे. आजी भाजीवालीशी भांडायची. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, पाव पैसा कुणाच्या खिशात गेला? तिचा प्रश्न रास्तच होता. "नवे" हा शब्द १९६४ साली गेला, पण चार आणे, आठ आणे काही गेले नाहीत. पंचवीस पैशांच्या नाण्याला आम्ही २०११ मध्ये ते बंद होईपर्यंत चार आणेच म्हणत होतो. माझी नात विचारायची, "आजोबा, नाणं एक आहे, मग चार कुठले?" तेव्हा ओवीचा प्रश्न काही नवा नाही. एकाला चार म्हणणं आम्ही पिढ्यान् पिढ्या करत आलो आहोत.

बाकी आमच्या नाण्यांची एक सोय होती. पाच पैसे चौकोनी, दहा पैशांची कड फुलासारखी, वीस पैसे षटकोनी. अंधारात खिशात हात घालून सांगता यायचं.

नाणेवेडा

अप्पांनी विषय काढलाच आहे तर माझं ज्ञान पाजळून घेतो.

ओवीची आई, आकारावरून शिकवायला जाल तर फसाल. आपल्याकडे एकाच वेळी तीन-चार मालिकांची नाणी चालू आहेत. २००७ च्या आसपासचं हाताच्या मुद्रेचं रुपयाचं नाणं आठवतं? अंगठा वर केलेला. त्याचा व्यास २५ मिलिमीटर. २०११ च्या मालिकेतलं, ₹ चिन्हाचं दोन रुपयांचं नाणंही २५ मिलिमीटर. दोन्ही पोलादी, वजनही सारखंच. भल्याभल्यांना पटकन ओळखू येत नाहीत, पोरांचं काय घेऊन बसलात!

पुढे ऐका. २०११ चं दोनचं २५ आणि पाचचं २३ मिलिमीटर. २०१९ च्या मालिकेत दोनचं २३ आणि पाचचं २५. चक्क अदलाबदल. नवी मालिका दृष्टिहीनांना सोयीची व्हावी म्हणून किंमत वाढेल तसा आकार आणि वजन वाढत जाईल अशी केली आहे: रुपया २०, दोन २३, पाच २५, दहा २७ मिलिमीटर. कल्पना छान आहे. पण जुनी नाणी खिशात आहेतच ना! म्हणून माझा सल्ला असा की शिकवताना सगळी नाणी २०१९ नंतरच्या मालिकेची घ्या, नाण्यावर धान्याची नक्षी असते ती. लहान ते मोठं अशी ओळीत लावली की किंमतही चढत जाते. जुनी नाणी महिन्याभराने आणा.

रंगाचंही सांगा. पोलादी ते एक नाहीतर दोन, पिवळं ते पाच, दुरंगी ते दहा. वीसही दुरंगी आहे, पण त्याला बारा बाजू आहेत. (जाड, पांढरं जुनं पाचचं नाणं निघालं तर ते बाजूला माझ्यासाठी ठेवा.)

ओवीची_आई

बापरे, एवढं असतं होय! गल्ल्यातली नाणी आत्ता चाळली. अंगठावाला रुपया चार वेळा सापडला आणि त्यातले दोन मी स्वतः दोनच्या ढिगात ठेवले होते. म्हणजे मी लेकीवर ओरडत होते आणि...

खडूफळा सर, टिकल्या आणल्या. आज फक्त एक आणि पाच.

रेवाकाठ

माझा पुतण्या दृष्टिहीन आहे, आता बारा वर्षांचा. नाणेवेडा म्हणतात ते बरोबर, पण त्याला आम्ही बोटांपेक्षा कानाने शिकवलं. फरशीवर टाकलं की पोलादी रुपया टिणकन वाजतो, दहाचं जरा बसक्या आवाजात. वीसचं हातात घेतल्यावर कोपरे लगेच लागतात. आता तो आम्हाला सांगतो, "काकू, तुम्ही मला दोनच्या ऐवजी एक दिलंत." रिक्षावाल्याने सुटे दिले की आधी त्याच्याकडे देतो आम्ही.

डोळस मुलांनाही डोळे मिटून नाणं ओळखायला लावा. खेळ म्हणून फार आवडतो.

बाळडॉक्टर

मध्येच थोडं गंभीर लिहिते. घरात तीन वर्षांखालचं भावंडं असेल तर नाण्यांचा पसारा खेळ संपला की मोजून उचला. किती काढली होती, किती परत ठेवली, हाही मोजण्याचाच भाग करा. मुलाने नाणं गिळलं तर केळं किंवा भाताचा गोळा भरवून ते खाली ढकलू नका, उलटी काढायचाही प्रयत्न करू नका. दवाखान्यात न्या, एक्स-रेत लगेच दिसतं. पुष्कळदा नाणं आपोआप शौचावाटे जातं, पण ते अन्ननलिकेत अडकलं आहे का हे बघावंच लागतं.

आणि नाण्यासारखा दिसणारा बटन सेल (रिमोट, वजनकाटा, दिव्याची खेळणी यांत असतो तो) गिळल्याची नुसती शंका असली तरी एक मिनिट थांबू नका. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजू शकतं. चिल्लरच्या डब्यात असले सेल टाकून ठेवायची सवय अनेक घरांत आहे, आमच्याही होती.

काजळवात

आत्ता उठून डबा बघितला. दोन सेल निघाले. धन्यवाद डॉक्टर.

वाणसामान

आमचं किराणा दुकान, कोल्हापूरकडचं. गल्ल्यावर बसून तीस वर्षं झाली. शिकवायचं मला कळत नाही, पण मोजायचं कळतं.

पूर्वी पोरं चिठ्ठी घेऊन यायची, मुठीत नाणी दाबून धरलेली. हातात घेतली की नाणी गरम आणि ओली लागायची. आता पोरगं येतं, वस्तू घेतं, "पप्पा पाठवतील" म्हणतं आणि पळतं. मग मी पप्पांच्या मागे लागतो.

आम्ही चिल्लर कशी मोजतो सांगतो. आधी निवडायची. पाचची एकीकडे, दोनची एकीकडे, रुपये एकीकडे. मग दहा-दहा रुपयांच्या चवडी रचायच्या. पाचची दोन, दोनची पाच, रुपयाची दहा. शेवटी चवडी मोजायच्या: दहा, वीस, तीस. उरलेली फुटकळ नाणी मागून. माझ्या पोरीला मी असंच शिकवलं. तिनं विचारलं, रुपयांची चवड एवढी उंच आणि पाचची एवढीशी, तरी दोन्ही दहाच कशा? मी म्हटलं, हाच धंदा आहे बाळा. आता ती बँकेत आहे.

दुसरं, मोड परत देताना वजाबाकी करायचीच नाही. तेवीसचा माल झाला, गिऱ्हाइकानं पन्नास दिले, तर तेवीसपासून वर चढायचं. एक ठेवला चोवीस, एक ठेवला पंचवीस, पाच ठेवले तीस, वीस ठेवले पन्नास. झालं. किती परत दिले हे मला ठाऊकही नसतं, पण हिशेब चुकत नाही. पोरांना आधी हे शिकवा, वजाबाकी नंतर आपोआप समजेल.

मृद्गंध_७

@वाणसामान, आणि सुटा रुपया नसला की गोळी देता, तिची चवड कशी रचता? ;)

वाणसामान

ताई, मी नाही देत. (हल्ली नाही देत.)

न्यूजर्सीकर

इकडचं गाऱ्हाणं ऐका. मुलगी पहिलीत, शाळेत नाणी शिकवतात. डाइम म्हणजे दहा सेंट, आणि ते सगळ्यात लहान नाणं! पाच सेंटचं निकेल त्याच्यापेक्षा ठसठशीत मोठं, एक सेंटची पेनीसुद्धा डाइमहून मोठी. आणि वर आकडा नाहीच. डाइमवर शब्दांत "वन डाइम" लिहिलंय. दहाचा पत्ताच नाही! क्वार्टरवर "क्वार्टर डॉलर". ज्याला पाव म्हणजे काय ते कळत नाही त्याने पंचवीस कुठून आणायचे?

मुलीला मी शेवटी मराठीत शिकवलं. डाइम म्हणजे "चिमुरडं दहा". म्हणते, "बाबा, चिमुरडं आहे पण दादा आहे." तेव्हा ओवीची आई, तुमच्या नाण्यांवर ठळक आकडा आहे, सुखी आहात.

लेस्टरची_माई

आमच्याकडे इंग्लंडमध्ये १५ वर्षं तीच बोंब होती. २००८ च्या नाण्यांवर राजचिन्हातल्या ढालीचे तुकडे, किमती शब्दांत लिहिलेल्या. नातवंडं विचारायची, आजी हे किती? मला चष्मा शोधावा लागायचा. आता राजे चार्ल्स यांची २०२३ ची नवी नाणी आलीत. त्यांवर मोठे आकडे आहेत आणि प्राणी-पक्षी. दोन पेन्सवर खार, वीसवर पफिन पक्षी. लहान मुलांना आकडे ओळखता यावेत हा विचार करूनच मोठे आकडे घातलेत. धाकटा नातू म्हणतो, "खारीचे दोन, पक्ष्याचे वीस." मोजणं पुढचं पुढे, ओळख तर झाली.

खडूफळा

आकड्यावरून आठवलं, हे कुणीच लिहिलं नाही. आपली मराठी माध्यमाची पोरं आधी देवनागरी ५ गिरवतात. नाण्यावर इंग्रजी आकडा असतो. २ आणि ३ सारखेच दिसतात, ते चालतं, पण आपला १ म्हणजे जवळजवळ इंग्रजी नऊ. आमच्या वर्गात एकाने इंग्रजी नऊ बघून "एक" म्हटलं होतं आणि मला वाटलं चेष्टा करतोय. इंग्रजी पाच तर त्याने पाहिलेलाच नसतो. तुमची ओवी मराठी माध्यमात असेल तर आधी तेवढं तपासा. नोटांवर २०१६ नंतर देवनागरी आकडेही आलेत, पाचशेच्या नोटेवर ५०० दिसतं. नाण्यावर ते नाही.

ओवीची_आई

मराठी माध्यमच आहे सर. विचारलं. इंग्रजी पाच तिला "उलटा साप" वाटतो. :D

चौथ्या दिवसाचा अहवाल: रुपये आणि पाच जमायला लागले. तीन पाचची नाणी, दोन रुपये ठेवले. "पाच, दहा, पंधरा..." इथपर्यंत झकास, मग रुपयाच्या नाण्यावर बोट ठेवून "वीस, पंचवीस!" पाचाची गाडी थांबतच नाही. इथे काय करायचं?

खडूफळा

अगदी ठरलेली जागा आहे ही. पाचाचा पाढा म्हणायची चाल लागली की जीभ पळते. पाचची नाणी संपतात तिथे खडूने फरशीवर रेघ मारा. रेघ आली की श्वास घ्यायचा, शेवटचा आकडा परत म्हणायचा आणि चाल बदलायची: "पाच, दहा, पंधरा. रेघ. पंधरा... सोळा, सतरा." ती "पंधरा" परत म्हणण्याची जागा फार महत्त्वाची. नंतर रेघ काढून टाका आणि तिथे थोडी मोकळी जागा सोडा.

नेहमी मोठ्या नाण्यापासून सुरुवात. लहानापासून केली तर एक, दोन, तीन, मग आठ, तेरा, अठरा. ते कोण म्हणणार!

काजळवात

आमच्याकडे ज्याने काम झालं तो खेळ सांगते. सापशिडीचा फासा घ्यायचा. मधे एका वाटीत सगळी नाणी, ती बँक. फासा पडेल तितके रुपये बँकेतून घ्यायचे. हाताशी पाच रुपये जमले की ओरडायचं "बंदा दे!", पाच रुपये परत करायचे आणि पाचचं एक नाणं घ्यायचं. दोन पाच झाले की दहाचं. ज्याचे आधी वीस होतील तो जिंकला.

माझ्या मुलाला पहिल्या दिवशी पाच नाणी देऊन एक घ्यायला आवडेना. दोन्ही हातांनी ढीग झाकून बसला, "माझी जास्त आहेत" म्हणत. मी काही बोलले नाही. मी पटापट बदलत गेले आणि माझ्यापुढे दहाचं एक आणि पाचचं एक अशी दोनच नाणी होती. त्याच्यापुढे अकरा रुपये, सगळे सुटे. त्याने हसून विचारलं, "आई, तुझी दोनच?" म्हटलं, चल, चिक्की विकत घेऊ या. चिक्कीची किंमत पंधरा. मी दोन नाणी टाकली आणि चिक्की घेतली. तो अकरापर्यंत मोजून थांबला. मग बराच वेळ माझ्या दोन नाण्यांकडे बघत बसला. पुढच्या डावात "बंदा दे" सगळ्यात मोठ्याने तोच ओरडत होता.

(चिक्की अर्धी दिली. तेवढी काही मी दुष्ट नाही.)

नाणेवेडा

हा खेळ जमला की पुढचं कोडं द्या: एक, दोन, पाच, दहाची नाणी वापरून दहा रुपये किती तऱ्हांनी होतात? मुलांना एकेक तऱ्हा शोधून वहीत चित्र काढू दे. एकूण अकरा आहेत. माझ्या भाचीने एका पावसाळी रविवारी आठ शोधल्या आणि नववीसाठी संध्याकाळी फोन केला.

अप्पा_सदाशिव

सगळं छान चाललंय, पण मूळ रोगाकडे कुणी बघत नाही. पोरांना मराठी आकडेच येत नाहीत. एकोणसाठ म्हटलं की टकमक बघतात. २०१९ साली तर पाठ्यपुस्तकात "वीस एक, वीस दोन" आणलं. एकवीस म्हणायला काय जीभ झडते?

खडूफळा

अप्पा, आदर ठेवून सांगतो. ते दुसरीचं पुस्तक मंगला नारळीकर यांच्या समितीचं. जुनी नावं काढून टाकली नव्हती, जोडीला सोपी दिली होती. आणि चिल्लर मोजताना मला त्याचा फायदा रोज दिसतो. पोरगं दहाची पाच नाणी मोजतं: पन्नास. पुढे तीन रुपये: पन्नास... आणि अडतं, कारण "त्रेपन्न" मध्ये तीन आधी येतात आणि पन्नास मागून. हाताने आधी मोठं नाणं मोजायचं आणि तोंडाने आधी लहान आकडा म्हणायचा! एकोणसाठला तर साठच आलेले नसतात, तरी साठचं नाव घ्यावं लागतं. "पन्नास तीन" म्हटलं की हात आणि तोंड एका दिशेने चालतात. मग मी म्हणतो, "यालाच घरी त्रेपन्न म्हणतात." दोन्ही येतं.

अप्पा_सदाशिव

आम्हाला दोन्ही न करता आलं. असो. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

लेस्टरची_माई

अप्पा, इकडे नातवंडं "फिफ्टी थ्री" म्हणतात आणि मी त्रेपन्न म्हटलं की पस्तीस लिहितात. मास्तर बरोबर सांगतायत हो.

मृद्गंध_७

अवांतर: आमच्या लेकाने मोठ्या ऐटीत दहाचं नाणं दुकानात दिलं तर दुकानदार म्हणाला, "हे चालत नाही, ₹ चं चिन्ह नाही यावर." पोराचा चेहरा पडला. शिकवून काय उपयोग मग?

नाणेवेडा

ही अफवा मरतच नाही. दहाच्या नाण्याची तोवर निघालेली निरनिराळी चौदाही रूपं वैध आहेत, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं होतं. चिन्हच २०१० साली ठरलं, मग त्याआधीच्या नाण्यावर कुठून येणार? पन्नास पैशांचंही तसंच, ते आजही कायदेशीर आहे. फक्त कुणी घेत नाही.

वाणसामान

मी घेतो. दहाचं. पन्नास पैशाचं नाही, खोटं कशाला बोलू.

ओवीची_आई

साडेतीन आठवड्यांनी परत आले. टिकल्या गेल्या. रेघही गेली. दोनचं नाणं दुसऱ्या आठवड्यात आणलं, त्याने दोन दिवस गोंधळ घातला, मग बसलं. "बंदा दे" ने मात्र घर डोक्यावर घेतलंय. शेजारची दोन मुलं रोज संध्याकाळी येतात, आणि मी बँकेला म्हणजे वाटीला कुलूप लावायच्या बेतात आहे.

काल आतेभाऊ पुन्हा आला. पुन्हा तोच सौदा काढला, दहाच्या बदल्यात रुपयाची चार. ओवीने त्याची चार नाणी फरशीवर मांडली, शेजारी मोकळी जागा सोडली आणि म्हणाली, "अजून सहा टाक." टाकली त्याने.

मग सगळा डबा ओतून मोजायला बसली, वाणसामान काकांसारख्या चवडी रचून. आठ चवडी झाल्या, पाचचं एक आणि दोनचं एक उरलं. दहा, वीस करत ऐंशीपर्यंत गेली, थांबली, "ऐंशी" परत म्हटलं, आणि मग, "ऐंशी सात!"

मी काही दुरुस्त केलं नाही. आतल्या खोलीतून आजोबा ओरडले, "सत्याऐंशी!"